आग सरकारजमा झाली, त्याची गोष्ट

शिवाजी महाराजांनी 1670 च्या दशकात, ऐन मे महिन्यात, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना पाठवलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला उपद्रव देऊ नका, दाणा-वैरण रोकडा मोजून विकत घ्या, ही त्यातली ताकीद शाळेत शिकवली जाते. पुढचा भाग मात्र बहुतेकांच्या लक्षातून निसटतो. गवत पसरलंय की वारा सुटलाय हे न बघता कुणी भलत्या जागी चूल मांडेल, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच जळत राहिला तर उंदीर पेटती वात घेऊन पळेल आणि गंजी पेटली की घोडी वाचायची नाहीत, असं महाराज एकेक करून बजावतात.

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढला की आपण पाटण तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यात येतो. सुकलेलं गवत दोन्हीकडे तेच आणि उन्हाळाही तोच. पत्रातली धोक्याची यादी आजच्या वनरक्षकाच्या हातात ठेवली, तर तो चुलीच्या जागी पर्यटकांची शेकोटी आणि तंबाखूच्या विस्तवाच्या जागी सिगारेटचं थोटूक एवढाच बदल करील. त्या यादीत वीज नाही, आणि तेही बरोबरच आहे. आपल्याकडे वीज कडाडते ती वळवाच्या पावसाबरोबर, तिने काही पेटलंच तर पाठोपाठच्या सरी ते विझवतात. सह्याद्रीतला वणवा जवळजवळ नेहमी माणसाच्या हातून लागतो. म्हणून त्याचा इतिहास हा माणसांचा आणि त्यांच्यावरच्या सरकारांचा इतिहास आहे.

आधी डोंगर समजून घेऊ. महाबळेश्वरला वर्षाला 6000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात किंवा सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी-जतला साधारण 500. वणवा दुष्काळी भागात जास्त भडकत असेल असं वाटतं, प्रत्यक्षात उलट घडतं. माणच्या माळावरचं गवत गुडघ्याला लागत नाही, मेंढरं दिवाळीनंतर त्याचा फडशा पाडतात आणि आगीला खायला फारसं उरत नाही. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पश्चिमेला चार महिन्यांच्या पावसावर गवत पुरुषभर वाढतं आणि पुढचे सात-आठ महिने थेंब नसतो. फेब्रुवारीत तिथे कोसच्या कोस वाळलेली वैरण उभी असते. त्यात चढ. ज्वाळा वरच्या बाजूच्या गवताला आधीच भाजून ठेवतात, त्यामुळे दर 10 अंश चढाला आगीचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. डोंगर लागला की गडी कधीही आगीच्या वरच्या अंगाला उभं राहत नाहीत, बाजूने जाऊन ओल्या डहाळ्यांनी झोडपतात, ते याचसाठी.

या डोंगरात आगीवर शेती होत असे. घाटमाथ्यावरचे लोक कुमरी करत. उतारावरची झाडोरा-झुडपं हिवाळ्यात तोडायची, उन्हात वाळू द्यायची, पाऊस तोंडावर आला की पेटवायची आणि राखेत नाचणी किंवा वरी पेरायची. दोन-तीन वर्षं पीक घेऊन ती जागा पड टाकायची आणि पुढे सरकायचं. खाली भातखाचरांत राब भाजला जाई. पालापाचोळा, कवळ, शेण यांचा थर जाळून त्या जागी भाताचा तरवा टाकायचा, म्हणजे तण मरतं आणि रोपं जोमाने येतात. तिसरी आग गुराख्याची. जुनं वाळलेलं गवत जाळलं की बुडख्यात उरलेल्या ओलाव्यावर चैत्रातच कोवळा फुटवा येतो आणि भुकेल्या गुरांना हिरवं तोंडाला लागतं.

या आगींचे गोडवे गायचं कारण नाही. कुमरीची पडीक वर्षं कमी झाली की डोंगर उघडा पडे आणि माती ओढ्याने जाई. पण त्या आगीला धनी होता. कुणाच्या रानाला कुणी, कुठल्या दिवशी पेटवलं हे गावाला माहीत असे आणि शेजाऱ्याची गंजी जळली तर भरून द्यायला माणूस सापडत असे. पुढे हा धनीच नाहीसा झाला.

मुंबई इलाख्यात 1847 साली जंगलांचा कॉन्झर्व्हेटर नेमला गेला. डॉ. अलेक्झांडर गिब्सन पेशाने डॉक्टर, आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ आणि दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख. झाडं तोडली की झरे आटतात आणि पाऊसमानही बिघडतं असं त्यांचं ठाम मत होतं आणि कुमरी त्यांच्या डोळ्यांत खुपे. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1848 मध्ये, साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब वारले, डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि सातारचं राज्य खालसा झालं. इतिहासात आपण गादी गेली एवढंच वाचतो. गादीबरोबर महाबळेश्वरपासून वारणेपर्यंतचा डोंगरही गेला, आणि तो कुमरीचा तिटकारा असलेल्या खात्याच्या ताब्यात गेला. रेल्वेला स्लीपर हवे होते, आरमाराला सागवान. राखेत नाचणी पेरणारा माणूस या हिशेबात बसतच नव्हता.

वनकायदा 1865 साली आला आणि 1878 मध्ये त्याला खरी धार चढली. वनखात्याचे पहिले इन्स्पेक्टर जनरल डीट्रिश ब्रँडिस गावाकडे थोडं जंगल राहू द्यावं अशा मताचे होते. खात्यातल्याच बेडन-पॉवेल यांना जंगलावर सरकारची निर्विवाद मालकी हवी होती. कायद्यात राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग झाले खरे, पण ग्रामवनाचं प्रकरण बहुतांशी कागदावरच पडून राहिलं. आगीबद्दलचं धोरण सातपुड्यात ठरलं होतं. बोरीच्या जंगलात 1860 च्या दशकात कॅप्टन पिअर्सन यांनी जंगलाभोवती पट्टे साफ करून आग बाहेरच अडवून दाखवली होती. मग तीच पद्धत सगळीकडे गेली. आज जिला आपल्याकडे जाळरेषा म्हणतात, ती हीच.

राखीव जंगलात आग लावणं हा 1878 च्या कायद्याने गुन्हा ठरला. तेवढं समजण्यासारखं आहे. पण त्यात आणखी एक तरतूद होती, ती 1927 च्या भारतीय वन अधिनियमात कलम 26 च्या तिसऱ्या पोटकलमात आली आणि आजही तिथे आहे. राखीव जंगलात कुणी जाणूनबुजून किंवा घोर हयगयीने वणवा लावला, तर त्याला शिक्षा झालेली असो वा नसो, सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळ्यांचे सगळे हक्क हवा तितका काळ बंद ठेवू शकतं. त्याच कायद्याचं कलम 79 सांगतं की ज्यांना जंगलात चराईचा किंवा वनोपजाचा हक्क आहे त्यांनी वणव्याची खबर द्यायची आणि तो विझवायलाही धावायचं.

ही दोन कलमं शेजारी ठेवा आणि जावळीतल्या एखाद्या धनगरवाड्यावरचा गवळी धनगर डोळ्यांसमोर आणा. समोरच्या डोंगरावर धूर दिसतोय. धावत जाऊन गार्डला सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, तू तिथे काय करत होतास? आणि आग कुणीतरी लावली असं ठरलं तर आपल्याच म्हशींची चराई बंद. गप्प बसलं तर धूर उद्यापर्यंत आपोआप विरेल. शहाणा माणूस काय करील? दीडशे वर्षं तो तेच करत आलाय. माझ्या मते सह्याद्रीतल्या वणव्यांचं खरं मूळ या गप्प बसण्यात आहे. लोकांचं अज्ञान हे कारण खात्याच्या फलकांवर शोभतं, प्रत्यक्षात ते फार दुय्यम आहे.

महात्मा फुल्यांना हे कुणी सांगावं लागलं नाही. त्यांचं मूळ गाव साताऱ्यातल्या खटाव तालुक्यातलं कटगुण. 'शेतकऱ्याचा असूड' या 1883 साली पुऱ्या झालेल्या पुस्तकात त्यांनी जंगलखात्यावर जो कोरडा ओढला आहे, तो नेमका या दुखण्यावर. डोंगर, दऱ्या आणि गायरानं खात्याने गिळली आणि गरिबाच्या शेरडाला चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार. जोडीला 1871 च्या कायद्याचा कोंडवाडा होताच. सरकारी रानात शिरलेली गाय सोडवायला पैसे मोजावे लागत, आणि पैसा हीच तर डोंगरात न मिळणारी वस्तू.

आगीला संपूर्ण मज्जाव करणं जंगलाच्या तरी हिताचं होतं का? ही शंका खात्याच्याच माणसाला आली. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलात आग कडेकोट रोखल्यावर सागाची रोपंच दिसेनाशी झाली, खाली बांबू आणि सावलीतली झाडं माजली. एच. स्लेड या अधिकाऱ्याने 1896 साली 'इंडियन फॉरेस्टर'मध्ये आगीपासूनचं संरक्षण ब्रह्मदेशात अती होतंय असं उघड लिहिलं. पुढे बंगाल-आसामकडच्या सालाच्या जंगलांतही हाच अनुभव आला.

आपल्या डोंगरात काय होतं हे बघायला कुंभ्याचं झाड पुरे. जळलेल्या उतारावर उभा असलेला कुंभा बाहेरून कोळशासारखा काळा दिसतो. नखाने साल उचकटली तर ती बोटभर जाड, थरावर थर, आणि आत ओलसर तांबूस. आग वरवर चाटून जाते, जीव आत सुखरूप राहतो. गंमत म्हणजे याच सालीच्या तंतूंची वात जुन्या तोड्याच्या बंदुकांना वापरत, कारण ती भडकत नाही, नुसती धुमसत राहते. ऐन, पळस, आवळा, साग हीही झाडं थोडीफार अशीच चिवट. अंजनी, जांभूळ, पिसा यांचं तसं नाही. त्यांच्या राईत एकदा आग शिरली की कोवळी रोपं जातात, वरचं छत्र विरळ होतं, ऊन खाली पोचतं, गवत येतं आणि पुढच्या वर्षीच्या आगीची सोय होते. दर वर्षी दोन-चार हात राई मागे सरते.

गवताचंही तसंच. कुसळीच्या बीला लांब पिळदार कुसळ असतं. सकाळच्या दवाने ते उलगडतं, उन्हाने पुन्हा पिळतं, आणि या उलटसुलट फिरण्याने बी मातीत खुपसलं जातं. गवत जळतं तेव्हा ज्वाळा झपाट्याने पुढे पळते, दोन-चार सेंटिमीटर खालची माती फारशी तापत नाही, म्हणून ते बी वाचतं. पवन्या, मारवेल यांसारखी गुरांना खरी मानवणारी गवतं मात्र वरचेवरच्या आगीत आणि चराईत मागे पडतात, मोकळी जागा कुसळी घेते. कोवळ्या चाऱ्यासाठी डोंगर जाळायचा आणि काही वर्षांनी मेंढराच्या लोकरीतून नि गुरांच्या जबड्यातून कुसळं उपटत बसायचं, असा हा व्यवहार. एखाद्या वर्षीचा फुटवा खरा असतो, पण दर वर्षीचा तोटाही तितकाच खरा. आणि जूनच्या पहिल्या पावसात उघड्या उतारावरची राख मातीसकट कोयनेत जाते, तिचं खत कुणालाच मिळत नाही.

आता 1930. मिठाचा सत्याग्रह समुद्रकाठी झाला. पावसाळा लागल्यावर मीठ बनवणं थांबलं आणि समुद्रापासून दूरच्या महाराष्ट्राला आपलं मीठ सापडलं, ते जंगलात. जुलैमध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदकडे राखीव रानातलं गवत कापलं, मग बागलाण, संगमनेर, चिरनेर. सातारा जिल्ह्यात ठिणगी पडली ती वारणाकाठच्या बिळाशीला. बिळाशी आज सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात आहे, तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. दक्षिण सातारा 1949 मध्ये वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. नदीपलीकडे कोल्हापूर संस्थान, अलीकडे ब्रिटिशांचा मुलूख.

बिळाशीकरांनी राखीव जंगलातला एक साग तोडला, वाजतगाजत गावात आणला, त्याचाच खांब करून देवळापुढे उभा केला आणि त्यावर तिरंगा चढवला. पाटलापासून बलुतेदारापर्यंत आणि आसपासच्या वाड्यांपर्यंत माणसं गोळा झाली. झेंड्याच्या राखणीला बायाही पुढे होत्या. काही आठवडे त्या टापूत सरकारचा शब्द चालेना. मग सशस्त्र पोलिसांची मोठी तुकडी आली, लाठ्या चालल्या, गोळीबार झाला, माणसं बळी पडली, धरपकड झाली. 'बिळाशीचं बंड' म्हणून हा प्रसंग त्या खोऱ्यात अजून सांगितला जातो.

बंड करणाऱ्यांच्या हाताशी सोपं हत्यार होतं. वाट पाहून फाल्गुनात एक काडी ओढली असती तर पोलिसांना माणूस सापडला नसता आणि जंगल गेलं असतं. कुमाऊंत 1921 च्या उन्हाळ्यात लोकांनी तेच केलं होतं. सरकारी चीडवनांना ठिकठिकाणी आगी लावल्या आणि गुराढोरांना उपयोगी पडणारी बांज-बुरांशची जंगलं बहुतेक शाबूत ठेवली. सरकार हादरलं, तक्रारींसाठी समिती नेमली आणि अखेर 1931 मध्ये वनपंचायतींचे नियम केले. गावाला कायद्याने जंगल मिळालं. बिळाशीने एक झाड तोडलं, तेही दिवसाढवळ्या, आपल्या नावानिशी. झाड तोडणारा ओळखू येतो आणि आग लावणारा येत नाही, हा फरक त्यांनी पाळला असं मी म्हणेन. त्यांच्या वाट्याला मात्र लाठ्या आणि तुरुंग आला, वनपंचायत आली नाही.

स्वराज्य आलं आणि 1927 चा कायदा तसाच राहिला. कोयनेचं धरण साठच्या दशकात भरलं, गावं उठली. वारणेवर चांदोलीचं धरण झालं, आणखी गावं उठली. कोयना आणि चांदोली 1985 मध्ये अभयारण्यं झाली, चांदोली 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि दोन्ही मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. उठलेल्या गावांच्या खाचरांत आणि पडीक तुकड्यांत गवत माजलं. गव्यांना आणि सांबरांना ते हवंच होतं. पण ज्या रानात गुरं चरत, लोक वैरण कापून नेत, तिथे आता उन्हाळ्यात सगळं गवत उभंच राहतं. आग आत शिरू नये म्हणून 15 फेब्रुवारीच्या आत जाळरेषा काढायच्या, हंगामी मजूर पहाऱ्याला ठेवायचे, पाठीवर ब्लोअर घेऊन धावायचं, अशी धडपड 15 जूनपर्यंत चालते. उपग्रह 375 मीटरच्या चौकटीत आग टिपतो आणि संदेश वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. संदेश आल्यावर चढायचा डोंगर मात्र पायांनीच चढावा लागतो, आणि पायथ्याच्या वाडीतून चार गडी सोबत निघाले तर वणवा तासात आटोपतो, नाहीतर दोन दिवस चालतो.

पूर्वेकडे कडेगाव-पलूस-वाळवा यांच्या सीमेवर सागरेश्वर आहे, जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं हे अभयारण्य. भोवती उसाचे फड. तोडणी झाली की खोडव्यासाठी पाचट पेटवायची सवय अजून गेलेली नाही, आणि बांधावरची ठिणगी डोंगराला चढायला वेळ लागत नाही. शेजारच्याचा उभा ऊस पेटला तर कारखाना जळीत उसाचे पैसे कापतो, म्हणून तिथे गाव दक्ष असतं. डोंगर जळाला तर कुणाच्याच बिलातून काही कापलं जात नाही.

आणि कास. पश्चिम घाटाला 2012 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणं आहेत, कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून कासच्या सड्याला तारेचं कुंपण घातलं, गुरं बंद केली. काही वर्षांत उंच गवत वाढलं, बुटक्या फुलझाडांना ऊन मिळेना, अशी ओरड अभ्यासकांनी केली, आणि पुढे कुंपण काढलं. ब्रह्मदेशातल्या सागाची गोष्ट साताऱ्यात पुन्हा घडली, शंभर वर्षांनी आणि फुलांच्या बाबतीत. राखणीसाठी आसपासच्या गावांची समिती तिथे आहे आणि फुलांच्या हंगामातल्या शुल्कातून गावाला दोन पैसे मिळतात. ज्या डोंगरातून गावाला काही मिळतं, तो डोंगर गाव जळू देत नाही, यात नवल काय?

2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क, आणि त्यासाठी निर्णय घेण्याचा अधिकार, ग्रामसभेला दिला आहे. 1878 मध्ये जे कागदावर राहिलं, ते मिळवण्याचा हा रस्ता आहे, पण त्यासाठी दावा गावानेच करावा लागतो. दावा होईपर्यंतही एक काम हातात आहे. 26 जानेवारीला प्रत्येक गावात ग्रामसभा होते. वणव्याचा हंगाम सुरू व्हायला तेव्हा वीस दिवस उरलेले असतात. पाटण, जावळी, शिराळ्याच्या वाचकांनी त्या सभेत तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्याव्यात: यंदा जाळरेषा कुठून जाणार, कुठल्या पट्ट्यातलं गवत आधी कापून वैरणीला न्यायचं, आणि डोंगर लागला तर कुणी कुणाला हाक मारायची. वनखात्याचा मदत क्रमांक 1926 आहे, तोही त्याच पानावर लिहून ठेवा.